वर पण सेव्ह, खाली पण सेव्ह: गुण भरायच्या पानावर दोन-दोन बटणं टाकली तेव्हा काय झालं

पार्श्वभूमी

आमची चार जणांची टीम आहे, कोल्हापुरात बसतो, कॉलेजं आणि पतसंस्थांना लागणारी वेब सॉफ्टवेअरं करून देतो. हे प्रकरण त्यातल्या एका सीनियर कॉलेजचं आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत, पण जे घडलं ते असंच घडलं.

कॉलेजला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ऑनलाइन भरायचं पान हवं होतं. प्रत्येक प्राध्यापक लॉगिन करणार, आपला विषय आणि वर्ग निवडणार, समोर रोल नंबरप्रमाणे पोरांची यादी येणार आणि प्रत्येकापुढे चार रकाने: चाचणी, असाइनमेंट, तोंडी, हजेरी. बी.कॉम. पहिल्या वर्षाच्या सगळ्यात मोठ्या तुकडीत 118 पोरं होती, म्हणजे एका पानावर 472 रकाने. पानाच्या एकदम तळाला दोन बटणं. एक 'जतन करा', म्हणजे भरलंय तेवढं ठेवा, नंतर परत येऊन बदलता येईल. दुसरं 'लॉक करा', म्हणजे झालं, आता गुण परीक्षा विभागाकडे गेले, परत हात लावायचा असेल तर परीक्षा नियंत्रकांना अर्ज, त्यांची सही, मग ते उघडून देणार. लॉक करताना जे रकाने रिकामे असतील तिथे सिस्टिम आपोआप 'अनुपस्थित' टाकायची. हे असं कॉलेजनेच सांगितलं होतं, आणि त्यावेळी आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पहिलं सत्र या पानावर पार पडलं. फार मोठी तक्रार नाही, पण कुरकुर होतीच.

अडचण काय होती

कुरकुर सगळी एकाच गोष्टीची. सेव्हचं बटण सापडत नाही, किंवा सापडतं पण फार लांब आहे. कॉलेजातले बरेचसे लॅपटॉप 1366 गुणिले 768 स्क्रीनचे, त्यावर एका वेळी जेमतेम बारा-तेरा पोरं दिसतात. रोल नंबर 7 चे असाइनमेंटचे गुण 8 चे 9 करायचे तर आकडा बदलायला दोन सेकंद आणि मग माउसचं चाक फिरवत फिरवत 118 नंबरच्या खाली जायचं. काही जण जायचेच नाहीत, आकडा बदलला म्हणजे बदलला असं समजून टॅब बंद करायचे. मग चार दिवसांनी फोन, 'मी भरलेत हो गुण, दिसत कसे नाहीत?' आणि आमच्याकडे नोंदीत बघितलं तर सेव्ह झालेलंच नाही. सर खोटं बोलत नव्हते, त्यांनी खरंच भरले होते, फक्त आमच्या पानाला ते कळलं नव्हतं.

परीक्षा विभागाकडून आलेली मागणी अगदी साधी होती. 'जी बटणं खाली आहेत तीच वर पण टाका.' दुसऱ्या सत्राचे गुण भरायला आठ दिवस राहिले होते.

कोणते पर्याय होते

आम्ही तासभर बसून बोललो. तासभरच, हे मुद्दाम सांगतोय.

पहिला पर्याय म्हणजे मागितलंय तेच करायचं, दोन्ही बटणं वर पण टाकायची. अर्ध्या दिवसाचं काम. आणि ही पद्धत काही जगावेगळी नाही. वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या ॲडमिनमध्ये पोस्टची यादी बघा, एकदम बऱ्याच पोस्टवर काम करायचा ड्रॉपडाउन आणि त्याचं बटण यादीच्या वर पण असतं आणि खाली पण. जँगो या वेब सॉफ्टवेअर बनवायच्या साधनाच्या ॲडमिनमध्ये सेव्हची बटणं एरवी फक्त खाली असतात, पण 'सेव्ह ऑन टॉप' नावाची एक सेटिंग चालू केली की तीच वर पण येतात. म्हणजे मोठमोठ्या लोकांनी हा विचार करून ठेवलाय, आपण केलं तर काय बिघडतंय, असं आमचं म्हणणं. उलट बाजूने ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये सांगितलंय की एका पानावर एकापेक्षा जास्त मुख्य बटणं टाळा, त्याने मुख्य बटणाचं वजन कमी होतं. आमच्यातल्या एकीने हा मुद्दा काढलाही, पण ते लहान फॉर्मसाठी असेल म्हणून आम्ही पुढे गेलो.

दुसरा पर्याय, बटणांची पट्टी स्क्रीनच्या तळाला चिकटवून ठेवायची, पान कितीही सरकवा ती जागेवरच. हा मला तेव्हाही आवडला होता. पण आमचं टेबल फोनवर आडवं सरकावं म्हणून एका ओव्हरफ्लोवाल्या, म्हणजे आतल्या आत सरकणाऱ्या, डब्यात होतं, आणि अशा डब्याच्या आत स्टिकी, म्हणजे जागेवर चिकटवायची सेटिंग, टाकली की ते पानाला न चिकटता त्या डब्याला चिकटतं, म्हणजे चिकटतच नाही. ते सोडवायला पानाची रचना बदलायला लागणार होती.

तिसरा, आपोआप सेव्ह. रकान्यातून बाहेर पडलं की गुण सर्व्हरवर गेले. ऐकायला सगळ्यात चांगलं. पण कॉलेजमधलं नेट दुपारी कसं असतं ते माहीत होतं, आणि 'आपोआप सेव्ह झालंय' असं सांगून न होणं हे मुळीच न सांगण्यापेक्षा वाईट, म्हणून आठ दिवसांत हे नको ठरलं. चौथा, वीस-वीस पोरांची पानं पाडायची. हा परीक्षा विभागानेच नाकारला, त्यांना छापील यादीशी ताळा करायला सगळी पोरं एका पानावर हवी होती. ओळीओळीला सेव्हचं बटण हा पाचवा पर्याय निघाला आणि 118 बटणं डोळ्यांपुढे आली तसा लगेच बादही झाला.

पहिला पर्याय ठरला. कारण सोपं होतं, मागितलं ते मिळत होतं आणि वेळेत बसत होतं. त्या तासाभरात एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही: खाली दोन बटणं आहेत, त्यातली दोन्ही वर न्यायची का? अडचण सेव्हची होती. लॉक सापडत नाही अशी तक्रार एकाचीही नव्हती. तरी 'बटणं' म्हटल्यावर आम्ही जोडी उचलली आणि वर ठेवली.

काय केलं आणि लगेच काय दिसलं

शुक्रवारी संध्याकाळी बदल चढवला. शनिवारी सकाळपासून प्राध्यापक गुण भरायला लागले.

पहिला फोन एका मॅडमचा. 'सेव्ह करा आणि जतन करा यात फरक काय आहे? आधी कोणतं दाबायचं?' आम्ही वरची पट्टी नवीन लिहिली होती, तिथे बटणावर 'सेव्ह करा' पडलं होतं, आणि खाली जुनं 'जतन करा' तसंच होतं. आमच्या लेखी एकच गोष्ट, त्यांच्या लेखी दोन. आणि त्यांचं बरोबर होतं, पानावर दोन वेगळे शब्द असतील तर माणूस दोन वेगळी कामं समजणार. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत त्यातही हे आहेच, एकच काम करणाऱ्या गोष्टींना सगळीकडे एकच नाव पाहिजे. मॅडमनी दोन्ही दाबलं होतं, आधी वर आणि मग खाली, सुरक्षित राहावं म्हणून.

दुसरी गोष्ट आम्हालाच दिसली. खालच्या बटणाने सेव्ह करणाऱ्या काही जणांना सर्व्हरचं रखरखीत एरर पान येत होतं. 10 पैकी चुकून 11 भरले तर आधी पानावरच त्या रकान्याला लाल चौकट यायची आणि काय चुकलं ते कळायचं. आता ते होत नव्हतं, फॉर्म थेट सर्व्हरकडे जात होता, सर्व्हर नाकारत होता, बॅक केलं तर भरलेले आकडे कधी परत यायचे, कधी नाही. कारण शोधायला पंधरा मिनिटं लागली. वरचं बटण करताना खालचं कॉपी केलं होतं आणि त्याचा आयडी, म्हणजे कोडमध्ये ते ओळखायचं नाव, तसाच राहिला होता. एका पानावर एकाच आयडीची दोन बटणं. रंगरूप लावताना ब्राउझर दोन्हीला लावतो म्हणून दिसायला सगळं ठीक, पण जावास्क्रिप्टमधून आयडीने बटण मागितलं की मिळतं फक्त पहिलं. त्यामुळे तपासणीचा आणि दाबल्यावर बटण बंद करायचा सगळा कोड वरच्या नव्या बटणाला जोडला गेला, आणि सगळ्यांच्या सवयीचं खालचं जुनं बटण नुसतंच राहिलं. नवीन बटण टाकून आम्ही जुनं मोडलं होतं. वर्डप्रेसवाल्यांनी वरच्या ड्रॉपडाउनला 'ॲक्शन' आणि खालच्याला 'ॲक्शन2' अशी वेगळी नावं का ठेवलीत ते त्या दिवशी नीट समजलं. वर आणि खाली एकच दिसत असलं तरी आत त्या दोन वस्तू असतात आणि त्यांना दोन ओळखी द्यायलाच लागतात.

हे दुपारपर्यंत दुरुस्त केलं. शब्द एक केला, 'सेव्ह करा', कारण बोलताना सगळे तेच म्हणतात. आम्हाला वाटलं संपलं.

खरा घोळ

संध्याकाळी सहाच्या सुमारास परीक्षा विभागातून फोन आला. तीन विषयांची गुणपत्रकं लॉक झाली होती. अर्धीच भरलेली. एका विषयात रोल नंबर 11 पासून पुढे सगळी पोरं 'अनुपस्थित'. आणि तिन्ही प्राध्यापक शपथेवर सांगत होते की आम्ही लॉकच्या बटणाला हात लावलेला नाही.

नोंदी बघितल्या तर लॉकची विनंती आली होती, त्यांच्याच लॉगिनने, त्यांच्याच मशीनवरून. मी त्यातल्या एका मॅडमना फोन केला आणि म्हटलं, मॅडम, तुम्ही गुण कसे भरता ते सुरुवातीपासून सांगा, अगदी बारीकसारीक. त्यांनी सांगितलं. कागदी गुणयादी शेजारी ठेवायची, तिच्यावर फूटपट्टी आडवी, एका पोराची ओळ झाली की पट्टी एक ओळ खाली. आकडे उजव्या हाताने नंबरपॅडवर. आणि दर दहा पोरं झाली की एंटर. एंटर मारलं की सेव्ह होतं आणि पान वरती जातं, मग परत खाली यायचं आणि पुढची दहा.

एंटर मारलं की सेव्ह होतं. हे आम्ही कधी बनवलंच नव्हतं. ब्राउझर ते स्वतःहून करतो. फॉर्मच्या कुठल्याही एका ओळीच्या रकान्यात एंटर मारलं की ब्राउझर त्या फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण, म्हणजे फॉर्म पाठवणारं बटण, शोधतो आणि ते दाबल्यासारखं करतो. पहिलं म्हणजे स्क्रीनवर पहिलं दिसणारं नाही, एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, जे आधी लिहिलंय ते. आधी पानावर एकच जोडी होती, त्यात 'जतन करा' आधी लिहिलेलं, म्हणून एंटर म्हणजे सेव्ह. आता वर नवीन पट्टी आली. ती उजवीकडे सरकवलेली, आणि बटणं हवी तशी दिसावीत म्हणून सीएसएसने, म्हणजे दिसणं ठरवणाऱ्या कोडने, उलट्या क्रमाने मांडलेली. दिसताना सेव्ह डावीकडे, लॉक उजवीकडे. लिहिताना लॉक आधी. आणि बटणाला टाइप, म्हणजे ते कशाचं बटण आहे, हे कोडमध्ये दिलं नाही तर ते फॉर्ममध्ये आपोआप सबमिटच धरलं जातं. झालं, एंटर म्हणजे आता लॉक.

पण लॉकच्या आधी विचारणारी खिडकी होती ना? होती. तिच्यात आम्ही लिहिलं होतं, 'खात्री आहे का?' एवढंच. कशाची खात्री ते नाही. मॅडमना वाटलं सकाळपासून सॉफ्टवेअर बदललंय, आता सेव्ह करतानाही विचारतंय. बोट एंटरवर होतंच, ब्राउझरच्या त्या खिडकीत ओकेवर फोकस आधीच असतो, म्हणजे एंटर मारलं की तेच दाबलं जातं, दुसरा एंटर मारला, लॉक.

मला याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं, कारण यात सापडलेले तिघेही सगळ्यात काळजीपूर्वक काम करणारे होते. दर दहा पोरांनंतर सेव्ह करणारे. जे लोक सगळं भरून शेवटी एकदाच खाली जाऊन बटण दाबायचे त्यांना काहीच झालं नाही.

त्या रात्रीचा निर्णय

वरच्या पट्टीतलं लॉक लगेच काढून टाकलं, ते पाच मिनिटांचं काम. प्रश्न होता आधीच लॉक झालेल्या तीन पत्रकांचा. गुण साठवलेल्या डेटाबेसपर्यंत आमचा हात पोचत होता, दोन मिनिटांत उघडता आली असती, प्राध्यापक पण म्हणत होते की उघडून द्या, रविवारी बसून भरतो. आमच्यात यावर वाद झाला. एकाचं म्हणणं, चूक आपली आहे, त्यांना अर्ज करायला लावणं म्हणजे आपल्या चुकीची शिक्षा त्यांना. हे मला पटत होतं. पण लॉक म्हणजे काय, तर परीक्षा नियंत्रकांच्या परवानगीशिवाय हे गुण कुणी बदलू शकत नाही अशी हमी. सॉफ्टवेअरवाला मनाला आलं की ते मागच्या दाराने उघडू शकतो असं एकदा झालं तर ती हमी उरत नाही, आणि उद्या कुठल्या पोराच्या गुणांवरून वाद निघाला तर प्राध्यापकच अडचणीत येतील.

शेवटी मधला रस्ता काढला. आम्हीच नियंत्रकांना ईमेल लिहिली, काय झालं, कशामुळे, चूक आमची, तिन्ही प्राध्यापकांचा यात दोष नाही, हे स्पष्ट शब्दांत. सोबत नोंदींचे उतारे. त्यांचं उत्तर सोमवारी सकाळी आलं, त्यानंतर पत्रकं उघडली, आणि कुणाच्या आदेशाने कधी उघडली हेही नोंदवून ठेवलं. रविवार वाया गेला, पण माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. निकाल लागलेला नव्हता, त्यामुळे एकाही पोराच्या हातात 'अनुपस्थित' असा कागद गेला नाही.

परत बसून विचार

मंगळवारी मी आणि आमची डिझाइन बघणारी सहकारी, दोघं कॉलेजात गेलो आणि पूर्ण दिवस परीक्षा विभागात एका कोपऱ्यात बसलो. काही विचारायचं नाही, फक्त बघायचं.

दोन प्राध्यापक जोडीने आले, एक वाचतोय 'सतरा, आठ, नऊ, सात, पाच', दुसरा टाइप करतोय. दोघांचेही डोळे स्क्रीनवर नाहीत. एकाचे कागदावर, दुसऱ्याचे कीबोर्डवर. पान काय सांगतंय ते ते बघतच नाहीत, बघायची वेळ दहा-पंधरा ओळींनंतर येते. आणि सगळ्यांची करंगळी त्या नंबरपॅडच्या उभ्या एंटरवर जाते. जाणारच. नंबरपॅडवर टॅब नाही, एंटर आहे, आणि एक्सेलमध्ये एंटर मारलं की खालच्या रकान्यात जातो ही वर्षानुवर्षांची सवय. आम्ही पान बनवताना टॅब धरून चाललो होतो, कारण आम्ही टॅब वापरतो.

तिसरी गोष्ट वरच्या बटणाबद्दल. पान उघडल्या उघडल्या, एकही आकडा न भरता, दोघांनी वरचं सेव्ह दाबलेलं बघितलं. विचारलं तर म्हणाले, 'पहिल्यांदा तेच दिसलं, वाटलं हे दाबल्यावर सुरू होईल.' म्हणजे वरचं बटण ओळ 7 दुरुस्त करायला आलेल्या माणसाला उपयोगी आहे, पण नव्याने भरायला बसलेल्याला ते कामाच्या आधीच समोर येतं. आणि ओळ 60 वर असलेल्याला वरचं पण लांब आणि खालचं पण लांब. दोन टोकांना दोन बटणं टाकून मधली साठ-सत्तर पोरं तशीच राहिली होती.

तिथून परत येताना आमचं ठरलं. जे बटण कितीही वेळा दाबलं तरी नुकसान नाही ते जवळ पाहिजे, दोनदा असलं तरी चालेल, पाच वेळा असलं तरी चालेल. जे एकदा दाबलं की परत फिरता येत नाही ते एकच पाहिजे आणि सगळं वाचून झाल्यावरच हाताला लागलं पाहिजे. आम्ही दोघांना एकाच पट्टीत बसवलं होतं आणि मग ती पट्टीच दोनदा छापली.

दुसऱ्या फेरीत काय केलं

टेबलाचा तो ओव्हरफ्लोवाला डबा आणि बटणांची पट्टी वेगळी केली, आणि पट्टी स्क्रीनच्या तळाला चिकटवली. तिच्यात एकच बटण, 'सेव्ह करा', आणि शेजारी '14 बदल सेव्ह व्हायचे आहेत' असा मजकूर, जो सेव्ह झालं की 'सगळं सेव्ह झालंय, 4 वाजून 12 मिनिटांनी' असा होतो. वेळ लिहिणं महत्त्वाचं ठरलं, लोक घड्याळाकडे बघून खात्री करतात. सेव्ह झाल्यावर पान वर उडी मारत नाही, जिथे होतात तिथेच राहता.

पट्टी चिकटवल्यावर नवीन त्रास निघाला. खाली खाली जाताना ज्या रकान्यात कर्सर आहे तोच पट्टीच्या मागे लपायचा. डब्ल्यूसीएजीच्या 2.2 आवृत्तीत, जी ऑक्टोबर 2023 मध्ये आली, नेमका यावरच एक नवीन नियम आहे, फोकस असलेली गोष्ट पूर्णपणे झाकली जाता कामा नये. पानाला पट्टीच्या उंचीएवढं स्क्रोल पॅडिंग, म्हणजे सरकताना मोकळी सोडायची जागा, खालून दिलं आणि ते सुटलं. फोनवर वेगळं, कीबोर्ड वर आला की खालची पट्टी त्याच्या मागे जाते, अँड्रॉइडच्या क्रोममध्येही 108 व्या आवृत्तीपासून असंच होतं. म्हणून फोनवर तीच पट्टी वर नेली. बटण एकच, फक्त जागा बदलते, त्यामुळे आयडीचा किंवा दोन शब्दांचा प्रश्नच येत नाही.

एंटर आम्ही हातात घेतला. आता रकान्यात एंटर मारलं की त्याच रकान्यात पुढच्या पोराकडे जातो, एक्सेलसारखं. फॉर्म एंटरने जातच नाही. प्रत्येक बटणाला टाइप स्पष्ट लिहिला.

लॉक त्या पानावरून पूर्ण काढलं. पट्टीच्या एका टोकाला 'तपासून लॉक करा' अशी साधी लिंक आहे, ती वेगळ्या पानावर नेते. तिथे आधी रिकाम्या रकान्यांची यादी दिसते, रोल नंबरसकट, आणि प्रत्येकापुढे निवडायला लागतं, गुण भरायचे राहिलेत की विद्यार्थी खरंच अनुपस्थित होता. आपोआप 'अनुपस्थित' टाकणं बंद. यासाठी कॉलेजला राजी करायला दोन बैठका लागल्या, कारण 'आधी सोपं होतं' असं काही जणांचं म्हणणं होतं, पण त्या तीन विषयांचं उदाहरण समोर होतं. सगळ्या रिकाम्या जागांचा निवाडा झाला की मगच तळाला एक बटण येतं, आणि त्यावर लिहिलंय, '118 विद्यार्थ्यांचे गुण लॉक करा'. खात्रीची वेगळी खिडकी नाही.

एका ठिकाणी मात्र आम्ही वर आणि खाली अशी दोन बटणं मुद्दाम ठेवली. परीक्षा विभागाचं एकत्रित यादीचं पान आहे, तीनशेच्या वर ओळी, तिथे 'प्रिंट' आणि 'एक्सेल डाउनलोड' वर पण आहेत आणि खाली पण. काहींना पान उघडताच एक्सेल हवं असतं, काही आधी सगळी यादी डोळ्याखालून घालतात आणि मग तळाला पोचल्यावर प्रिंट काढतात. दाबलं चुकून तर एक फाइल जास्त उतरते, इतकंच. शब्द तेच, क्रम तोच, आयडी वेगळे, कोड एकच जो दोन्हीला क्लासने, म्हणजे अनेक बटणांना देता येणाऱ्या सामाईक नावाने, जोडलाय. यावर आजपर्यंत एकही फोन नाही.

काय निष्पन्न झालं

त्यानंतरची दोन सत्रं या नव्या पानावर झाली. चुकून लॉक होण्याचा प्रकार परत घडला नाही. 'भरले पण दिसत नाहीत' हे फोन जवळपास थांबले, एक-दोन आले ते नेट गेल्यावर टॅब बंद केल्याचे. बदल सेव्ह न करता टॅब बंद करायला गेलं की ब्राउझर अडवतो, पण तिथे ब्राउझरचाच ठरलेला मजकूर येतो, आपला मराठी मजकूर दाखवता येत नाही, त्यामुळे काही जण ते न वाचताच पुढे जातात. हे अजून सुटलेलं नाही.

फूटपट्टीवाल्या मॅडमना मी मुद्दाम फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, एंटरने खाली जातो हे छान झालं, पण दर दहाला सेव्ह करायची सवय काही जात नाही, आता माउस घ्यायला लागतो. मग त्यांच्यासाठी कंट्रोल आणि एस ला सेव्ह जोडून दिलं आणि तसं बटणाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं. हे आधीच सुचायला हवं होतं.

आता परत करायचं तर काय वेगळं करू

सगळ्यात आधी, 'बटण वर टाका' ही मागणी आली की विचारीन की कोणतं बटण, कुणाला, आणि ते लोक त्यावेळी पानावर कुठे असतात. मागणीत उपाय सांगितलेला असतो, त्रास सांगितलेला नसतो, आणि त्रास काय ते बघायला कॉलेजात जायला एक दिवस पुरला असता. तो दिवस आम्ही घोळ झाल्यावर दिला, आधी दिला असता तर तीन लोकांचा रविवार वाचला असता. आठ दिवस हातात होते, एक दिवस निघाला असता.

दुसरं, फॉर्ममध्ये कुठलंही बटण नवीन टाकलं की एंटर दाबून बघायचं, प्रत्येक प्रकारच्या रकान्यात. आम्ही चाचणी केली होती, पण माउसने, वरचं दाबून बघितलं, खालचं दाबून बघितलं. आता आमच्या यादीत पहिली ओळ हीच आहे, त्याखाली एकाच पानावर एक आयडी दोनदा आहे का ते बघायचं.

आणि परीक्षेच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी बदल चढवायचा नाही. चढवायचाच असेल तर आधी एका प्राध्यापकांना त्यांच्या खऱ्या गुणयादीसकट बसवून अर्धा तास भरायला लावायचं, चाचणीच्या सर्व्हरवर.

एका मुद्द्यावर कॉलेजचं आणि माझं अजून जुळत नाही. माझं म्हणणं, लॉक केल्यावर तासभर तरी प्राध्यापकाला स्वतः ते मागे घेता यावं, नोंद ठेवून. माणूस बटण दाबतो आणि त्याच क्षणी त्याला आपली चूक दिसते, हे नेहमीचं आहे. नियंत्रकांचं म्हणणं, लॉक म्हणजे लॉक, तासाचं लॉक हे लॉक नव्हे, आणि तपासायचं पान असताना गरजच काय. त्यांची बाजू मला कळते. पुढच्या बैठकीत हा विषय परत ठेवलाय.

मधल्या काळात आमचीच दुसरी पानं तपासायला घेतली. त्याच कॉलेजच्या फी भरायच्या पानावर 'पावती काढा' वर पण आहे आणि खाली पण, आणि दोन्हीला एकच आयडी. पावती एकदा निघाली की रद्द करायला परत अर्ज. वरचं बटण काढून ठेवलंय, आणि पुढच्या मंगळवारी अकाउंटच्या क्लार्कशेजारी दिवसभर बसायचं ठरलंय.